मी केलेला कायदा

तीस वर्षं मी लोकांना एका कायद्याची भीती घातली, आणि तो कायदा मला कुणी कधी दाखवला नव्हता.

मी नर्स. सरकारी. राधानगरीच्या वरच्या अंगाला वाड्यावस्त्यांवर लसीची पेटी खांद्याला अडकवून हिंडायचं, पोरं हुडकायची, डोस द्यायचे, रजिस्टर भरायचं. बहुतेक आया मुकाट पोर पुढं करायच्या. एखादं घर मात्र अडायचं. दारात बाप उभा, "आमच्या पोराला काय बी हुईत न्हाय, जावा तुम्ही." आधी मी गोडीनं सांगायची. मग आवाज चढवायची. तरी ऐकलं नाही की म्हणायची, "पावणं, सरकारचा कायदा हाय. डोस न्हाय दिला तर नाव लिहून वर पाठवायला लागतंय. उद्या शाळंत घेणार न्हाईत, रेशन बंद हुईल. बघा बाबा, माझं काय जातंय?"

वर म्हणजे कुठं, हे त्यालाही ठाऊक नसायचं आणि मलाही. पण पोर बाहेर यायचं. मला त्याची लाज वाटली नाही. गोवर छातीत उतरलेलं एक पोर मी मांडीवर घेऊन जीपमधून खाली आणलं होतं. दवाखान्याच्या दारात जीप थांबली तेव्हा ते गेलेलं होतं. त्यानंतर खोटं बोलणं मला कधी जड गेलं नाही.

रिटायर झाले आणि शिवाजी पेठेतल्या दोन खोल्यांत येऊन बसले. नवरा आधीच गेला होता. वाटलं होतं, आता निवांत. निवांत कसलं डोंबलाचं! नोकरीत दिवसभर माणसं 'सिस्टर, सिस्टर' करत मागं असायची. आता दूधवाला सोडला तर कुणी माझ्याशी बोलायचं नाही. गल्लीत पोरं फुटबॉलवरून तावातावानं भांडायची, ते खिडकीत बसून ऐकायची. कोण जिंकलं, कोण हरलं, मला काही कळायचं नाही. माणसांचा आवाज तरी यायचा.

मग लेकीला दुसरा मुलगा झाला आणि माझं घर पुन्हा भरलं. लेक एका खासगी शाळेत शिकवते, जावई शिरोली एमआयडीसीत फौंड्रीत कामाला. थोरली नात आईबरोबरच शाळेत जायची. धाकट्याला लेक सकाळी सातला माझ्याकडं सोडायची आणि दुपारी दीडला न्यायची. साडेसहा तास. बाकीचा दिवस मी त्या साडेसहा तासांची वाट बघण्यात काढायची. त्याला खिमट भरवायचं, तेल लावायचं, त्याच्याशी भांडायचं. "काय रे लबाडा, आजीच्या अंगावर थुंकतोस व्हय?" म्हटलं की तो पुन्हा थुंकायचा आणि हसायचा.

नवव्या महिन्याच्या डोसला गाडी अडली. साडेतीन महिन्यांपर्यंतचे सगळे डोस लेकीनं वेळेवर दिले होते. गोवरचा म्हटल्यावर म्हणाली, "तो नाही द्यायचा."

कारण मला माहीत होतं. थोरलीला हाच डोस दिला होता. आठव्या दिवशी तिला सणकून ताप आला आणि तापात आकडी आली. लेक घरात एकटी. ती मला फोन लावत होती आणि मी डोंगरातल्या कुठल्या तरी वस्तीवर दुसऱ्यांच्या पोरांना डोस देत होते. रेंज नाही. शेवटी शेजारच्या बाईनं रिक्षा आणली. पोरगी दोन दिवसांत खडखडीत बरी झाली. आता पाच वर्षांची आहे आणि घर डोक्यावर घेते. तापात लहान पोरांना अशी आकडी येऊ शकते, सहसा त्यातून मागं काही राहत नाही, हे मी लेकीला शंभरदा सांगितलं. पण नंतर. डोस दिला की प्रत्येक आईला चार गोष्टी सांगायच्या असतात: कुठला डोस दिला, त्यानं काय त्रास होऊ शकतो, पुढचा कधी, आणि कार्ड जपून ठेवा. मी त्या झोपेतसुद्धा म्हणून दाखवल्या असत्या. स्वतःच्या लेकीला तेवढ्या सांगायच्या राहिल्या. घरातलीच की, तिला काय सांगायचं!

त्यातच पेठेत गोवर निघाला. मी लेकीला म्हटलं, "अगं, दोन गल्ल्या सोडून पोरं आजारी आहेत. याला झाला म्हणजे?"

"आई, आकडी आली तेव्हा तू होतीस? डोळे फिरवले होते तिनं. मी बघितलंय. तू नाही बघितलंस."

मग तोंडातून आपसूक जुनंच बाहेर पडलं. "तुला द्यावाच लागेल. कायदा आहे. उद्या शाळेत घेणार नाहीत."

लेक हसली. "मी शाळेतच असते, आई. प्रवेशाचे कागद मीच तपासते. कुठला कायदा? दाखव मला."

इतक्या वर्षांत कायदा दाखव म्हणणारं पहिलं माणूस भेटलं, आणि ती माझीच कार्टी! मला असा राग आला की तिनं केलेला चहा मी तसाच मोरीत ओतला. राग तिचा कमी, माझा जास्त होता, हे आता कळतं.

त्या गुरुवारी मागच्या गल्लीतल्या अंगणवाडीत लसीकरण होतं. लेक बाळाला सोडून गेली. मी त्याला टोपडं बांधलं आणि सरळ जाऊन रांगेत उभी राहिले. टेबलावरची नर्स माझ्याच हाताखाली शिकलेली. मला बघून उठून उभी राहिली.

"बाई, तुम्ही? नातू व्हय? कार्ड कुठाय?"

"घाईत घरी राहिलं."

"आणि आई?"

"शाळेत गेलीय. मी आहे की."

दुसरी कुठली आजी असती तर तिनं सांगितलं असतं, आईला घेऊन या. तसं सांगायला मीच तिला शिकवलं होतं. तिनं रजिस्टर पुढं ओढलं आणि म्हणाली, "तुम्ही म्हणताय म्हंजे काय प्रश्नच न्हाय." उजव्या दंडात सुई गेली. बाळानं जोरात भोकाड पसरलं आणि मिनिटभरात तिच्याच गळ्यातल्या ओळखपत्राशी खेळायला लागलं. तिनं चार गोष्टी सांगायला सुरुवात केली आणि स्वतःच हसली. "तुमाला काय सांगायचं, बाई!"

घरी येईपर्यंत मी लढाई जिंकल्यासारखी चालत होते. दार उघडलं, बाळाला खाली ठेवलं आणि मग ध्यानात आलं. आठवा दिवस! येणाऱ्या गुरुवारच्या आसपास याला ताप आला तर? ताप कशाचा, हे लेकीला कळणारच नव्हतं. पुन्हा ती घाबरून एकटी पोराला घेऊन धावणार. आणि पुन्हा मी तिला काही सांगितलेलं नसणार. पहिल्या खेपेला मी विसरले होते. या खेपेला माहीत असून तोंड शिवून बसले होते.

शुक्रवार, शनिवार गेले, सोमवार गेला. रोज दीडला लेक यायची, मी तोंड उघडायची आणि म्हणायची, "आज खिमट सगळं संपवलं गं." सांगितलं की काय जाणार, हे मला पक्कं ठाऊक होतं. ते साडेसहा तास जाणार. हे एवढंच माझ्याकडं होतं, आणि मी त्याला घट्ट धरून बसले होते. तिकडं पोराच्या अंगात ताप कधीही चढणार होता.

मंगळवारी दुपारी सांगितलं. लेक दारात उभी होती, हेल्मेट हातात. ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं. तिनं फक्त विचारलं, "कधी?"

"गेल्या गुरुवारी."

मग मी सगळं सांगितलं. ताप कधी येऊ शकतो, डॉक्टरांना विचारून औषध आणून ठेव, अंगावर पांघरुणं टाकू नकोस, आकडी आलीच तर कुशीवर वळव, तोंडात काही घालू नकोस, लगेच दवाखाना गाठ. तिनं एक एक शब्द नीट ऐकला. मग बाळाची पिशवी भरली. वाटी, चमचा, तेलाची बाटली, खुळखुळा, सगळं.

"डोस चांगलाच असेल, आई," ती म्हणाली. "पण तू मला विचारलं नाहीस. त्या वाड्यांवरच्या लोकांना फसवायचीस, तसं मला फसवलंस. उद्यापासून मी पाळणाघर बघते."

शुक्रवारी जावयाचा फोन आला. "मामी, काल ताप आलता. औषध दिलं, उतरला. आकडी-बिकडी काय न्हाय. तिनंच सांगितलंय तुम्हाला कळवायला."

"तिला दे की फोन."

"राहू द्या, मामी. आता नको म्हणतीया."

आता टीव्हीवर कुणी लशीची सक्ती करावी का म्हणून वाद घालायला लागलं की मी आवाज वाढवते. सक्ती करा, असं माझं मन अजून म्हणतं. पण त्यामागचं एक कारण सांगायची मला लाज वाटते. कायदा असता तर लेक सरकारवर चिडली असती, माझ्यावर नाही. डोस मिळाला असता आणि पोरही माझ्याकडं राहिलं असतं. तीस वर्षं मी जी भीती दुसऱ्यांना घालत होते, ती मला स्वतःच्या सोयीसाठी हवी होती. आणि खरा कायदा असता तरी त्या दिवशी फोन लावून लावून थकलेल्या लेकीजवळ येऊन तो बसला नसता. तिथं मी बसायला हवं होतं.

सणावाराला नातू येतो. जावई आणतो, तासाभरानं नेतो. मला बघून आता तो बापाच्या खांद्यात तोंड लपवतो. चालायला लागला ते मला व्हिडिओत दिसलं.

परवा लेकीचा फोन आला. किती महिन्यांनी! मी हातातलं पीठ न धुताच उचलला.

"दुसरा डोस सोळाव्या महिन्यापासून असतो ना?"

"हो. हो गं."

"त्याच्यानंतर पण ताप येतो?"

"येऊ शकतो. पहिल्या वेळेपेक्षा कमी येतो सहसा. औषध आणून ठेव." मग न राहवून विचारलं, "मी येऊ का बरोबर? नाहीतर मी नेऊन आणते त्याला. कार्ड दे फक्त."

"नको. मी नेते," ती म्हणाली आणि फोन ठेवला.

आईनं आपणहून म्हणावं, मी नेते, एवढ्यासाठी मी सगळा जन्म दारोदार हिंडले. आनंदानं नाचायला हवं होतं. मी फोन कानाला तसाच धरून बसून राहिले.