अळणी रिपोर्ट

"मॅडम, तुमच्या डोनरचा रिपोर्ट गंडलाय. सॅम्पल परत पाठवा."

लॅबमधून फोन आला तेव्हा मी त्याच डोनरवर, दर्शनावर, ओरडत होते.

मी ट्रान्सप्लांट कोऑर्डिनेटर. ऑपरेशन डॉक्टर करतात, फाइल मी करते. आणि फाइल अडली की ऑपरेशन अडतं.

पेशंट हिराबाई, नवघरच्या. माहेर मुर्ध्याचं, अर्धं आयुष्य मिठागरात गेलेलं. तीन वर्षं डायलिसिसवर. आता सुई टोचायला हातात धड शीर उरली नव्हती. फार थांबू नका, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं. एकुलत्या मुलाला शुगर, म्हणून तो बाद. दर्शना किडनी द्यायला तयार होती. रेशनकार्डावर नातं होतं सून, तेच मी फाइलवर लिहिलं. आणि त्या दिवशी कागद चाळताना घटस्फोटाची ऑर्डर हाती लागली. चार वर्षांपूर्वीची!

"खोटं का सांगितलंस?"

"कार्डावर आहे की, मॅडम. नाव कोणी काढलंच नाही."

"नवरा कुठाय?"

"पुण्याला. दुसरं लग्न झालं त्याचं. मी आईंसोबतच राहते."

माझं डोकं सणकलं. डोनर जवळच्या रक्ताच्या नात्यातला नसेल तर एक कमिटी बसते. तिला दोनच शंका असतात, पैसा किंवा दबाव. सुनेलाही तिथे जावं लागतं. घटस्फोट झालेल्या सुनेला तर कोण सोडतंय? मलाही शंका आलीच, कशाला लपवू? जायला दुसरी जागा नाही म्हणून ही पोरगी किडनी देऊन डोक्यावरचं छप्पर टिकवतेय, असं मला वाटलं. मी दार लावलं.

"खरं सांग. दबाव आहे का कोणाचा?"

"आहे ना. आईंचा. देऊ नको म्हणून रोज भांडतात."

मी आमच्या विभागप्रमुख सरांकडे गेले. "ऑर्डर लावायची का फाइलला?"

"लाव. लपवलीस तर फाइल मेली."

"आणि लावली तर?"

"प्रेमाचा पुरावा मागतील."

पुरावा म्हणजे एकत्र काढलेले फोटो. यांचे फोटो फक्त लग्नातले, त्यात मधोमध तो नवरा. नंतरचा एकही नाही, कारण आईंना फोटो काढायला आवडत नाही. बोंबला!

आठवड्याने दुसरं सॅम्पल गेलं. चोवीस तासांची लघवी एका कॅनमध्ये जमा करतात. किडनी किती काम करते ते त्यातून कळतं, आणि माणूस किती मीठ खातो तेही, कारण खाल्लेलं बरंचसं मीठ लघवीतूनच बाहेर पडतं. दर्शनाच्या लघवीत मीठ जवळपास नव्हतंच. दुसऱ्यांदाही तेच.

"सॅम्पल बरोबर आहे, मॅडम," ती म्हणाली. "घरात मीठच नाही आमच्या."

"बंद त्यांना आहे. तुला कुठे?"

"मिठागरातली माणसं ती. मीठ दिसलं की हात जातोच. दोनदा ॲडमिट करावं लागलं. मग मी बरणीच काढून टाकली. आता दोघींचं एकच शिजतं."

"तीन वर्षं?"

"पहिला महिना जड जातो. मग काही नाही."

ती हे अगदी सहज बोलली. मला बीपी आहे. डॉक्टरांनी बजावूनही माझा पापड सुटत नाही. आणि ही, कोणी न सांगता, तीन वर्षं!

कमिटीने दोघींना वेगवेगळं बोलावलं. हिराबाई आधी गेल्या.

"घटस्फोट झालाय. मग ही तुमची कोण?" अध्यक्षांनी विचारलं.

"कोन न्हाय. म्हनून तं आमचा जमतंय."

एक मेंबर हसले. अध्यक्ष हसले नाहीत. "काल काय जेवलात?"

"वांगी-बटाटा. अळनी."

"आणि ती?"

"त्याच टोपातला. किती सांगलं, तुज्यापुरता मीठ घे. आयकत न्हाय." एवढं बोलून म्हातारीने पदर डोळ्यांना लावला.

दर्शना आत गेली. तिनेही वांगी-बटाटाच सांगितला. मी दोन्ही रिपोर्ट पुढे सरकवले. अध्यक्ष स्वतः किडनीचे डॉक्टर. त्यांनी आकडे पाहिले, तारखा पाहिल्या.

"मीठ तपासतात हे हिला माहीत होतं?"

"नाही, सर. लॅबलाही चूक वाटली, म्हणून परत केला."

त्यांनी दोन्ही रिपोर्ट फाइलला लावले. मग म्हणाले, "फोटो काय, कोणीही काढून आणतं. हे नाही आणता येत." आणि सही केली.

ऑपरेशन झालं. किडनी टेबलावरच चालू झाली. घरी जायच्या दिवशी डाएटिशियनने हिराबाईंना समजावलं, "आता जेवणात थोडं मीठ चालेल."

हिराबाईंनी दर्शनाकडे बोट दाखवलं. "हिला पन चालंल ना?"

तेव्हापासून नात्याचा रकाना मी रेशनकार्ड बघून भरत नाही. आधी विचारते, घरी जेवण कोणाचं कोणाबरोबर शिजतं?