उंबऱ्याबाहेरची चूल

आयवालिक या तुर्की गावातल्या आमच्या गल्लीत बेहिये मावशीची चूल घराबाहेर आहे. उंबऱ्याला लागून, तीन दगडांची. घरात गॅस आहे, तरी ती बाहेरच रांधते. गेल्या आठवड्यात नगरपालिकेचा ओर्कुन आला आणि म्हणाला, "मावशी, शनिवारच्या आत हे दगड हलवा. महोत्सवाचे स्टॉल लागायचेत."

"कसला रे महोत्सव?"

"रानभाज्यांचा."

मावशी इतकी हसली की तिला भिंतीला टेकावं लागलं.

ती का हसली हे ओर्कुनला कुठून कळणार? तिचे आईबाप क्रेट या ग्रीक बेटावरचे. दोन देशांनी धर्म बघून माणसांची अदलाबदल केली, तेव्हा तिथल्या मुसलमानांना बोटीत भरून इकडे आणलं. घरंदारं तिकडेच राहिली. ऑलिव्हच्या तेलात रानपाला शिजवायची सवय मात्र त्यांच्याबरोबर आली. डोंगराकडचे लोक लोण्या-मटणावर वाढलेले. ते म्हणायचे, शेतात गाय आणि क्रेटवाला शिरले तर आधी क्रेटवाल्याला हाकला, गाय निदान मुळं तरी ठेवते.

आमच्या गल्लीतल्या अशाच एका डोंगराकडच्या कुटुंबात बेहिये सून म्हणून आली. पहिल्याच वसंतात तिने टोपलीभर रानबडीशेप खुडून आणली. सासू, हाजेर, दारातच आडवी आली.

"हे काय?"

"भाजी, आई."

"आम्ही हे मेंढ्यांना घालतो. आणि ते तेल! दिव्यात घालायचं ते पोटात घालता? अल्लाची शपथ, माझ्या घरात गवत शिजणार नाही. अर्धे काफीर कुठले!"

"बरं. घरात नाही शिजणार."

बेहिये बागेत गेली, तीन दगड उचलून आणले आणि उंबऱ्याबाहेर मांडले. सासू आतून ओरडली, "लोक काय म्हणतील?"

"विचारते त्यांना. गल्लीतच बसलेय ना."

लोक आधी हसले. मग बायका वाट्या घेऊन येऊ लागल्या, त्यात माझी आजीही होती. सालिमकाका, म्हणजे मावशीचा नवरा, आत आईच्या हातचं मटण खाऊन ढेकर द्यायचा. मग बाहेर येऊन "जरा चव बघतो" म्हणत पावाने भांडं पुसून काढायचा.

अशी कितीतरी वर्षं गेली. एका वसंतात हाजेर आजारी पडली. दूध नको, मटणाचं पाणी नको. बाहेर रानबडीशेप शिजत होती. आतून बारीक आवाज आला, "बेहिये, थोडं आत आण."

मावशी दारात उभी राहिली. "तुमची शपथ आहे, आई. हे आत येत नाही. तुम्ही बाहेर या."

"मरायला टेकलेय मी, मेले!"

"मग उचलून नेते."

आणि खरंच, खुर्चीसकट तिने सासूला उचलून चुलीपाशी आणलं. म्हातारीने सगळ्या गल्लीदेखत वाटीभर खाल्लं. वाटी पुसत म्हणाली, "मीठ कमी आहे."

"उद्या जास्त घालते."

हाजेर त्यानंतर दोन वर्षं जगली. रोज दुपारी तिची खुर्ची चुलीजवळ असायची. शपथ तिने कधी मागे घेतली नाही, आणि मावशीनेही घ्यायला लावली नाही.

हे सगळं मावशीने ओर्कुनला सांगितलं नाही. एवढंच म्हणाली, "गवत आत चालत नव्हतं म्हणून चूल बाहेर आली. आता त्याच गवतासाठी मांडव घालताय, आणि चूल बाहेरही चालत नाही?"

"मावशी, मोठी माणसं येणारेत. धूर बरा दिसत नाही."

"मग त्यांना सांग, डोळे मिटून खा."

शनिवारी सकाळी त्याच्या माणसांनी चुलीभोवती लाल-पांढरी पट्टी बांधली. दगडांना हात लावायला मात्र कुणी धजेना, कारण मावशी हाजेरची जुनी खुर्ची टाकून तिथेच बसली होती. तिने पाल्याच्या जुड्या धुतल्या आणि निथळायला त्याच पट्टीवर टांगल्या. पाहुणे तिथेच थांबू लागले.

"आजी, हा कितव्या नंबरचा स्टॉल?"

"स्टॉल तिकडे. ही चूल आहे. भूक असेल तर बसा."

समोरच्या मंचावर कुणीतरी साहेब भाषणाला उभे राहिले. 'आपली प्राचीन परंपरा' म्हणताना त्यांना ठसका लागला. धूर सरळ तिकडेच चालला होता. ओर्कुन दोन्ही हातांनी खुणा करत होता, विझवा, विझवा.

मावशीने त्याच्याकडे पाहिलं आणि आणखी एक ओलं लाकूड आत सारलं.