शाळा न मानणारी नणंद

माझ्या धाकट्या नणंदेइतकी शिकलेली बाई आमच्या घराण्यात दुसरी नाही, आणि शाळेचा इतका तिटकारा असलेली बाई अख्ख्या बदलापुरात नसेल. जुई जन्मली त्याच आठवड्यात तिने जाहीर केलं, "माझी मुलगी शाळेत जाणार नाही. हवं ते आपणहून शिकेल." माझे सासरे जन्मभर मास्तरकी केलेले. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला आणि चहा मागितला. शिरगावच्या तिच्या फ्लॅटमध्ये 'शाब्बास' म्हणायला बंदी, कारण कौतुकाची चटक लागली की मूल आपल्या मनाने काही करत नाही म्हणे. मी एकदा जुईच्या चित्राला 'छान' म्हटलं, तर मला बाजूला घेऊन चांगली तंबी मिळाली. भूक लागली की जेवायचं, झोप आली की झोपायचं, आणि जुईने ठरवलं म्हणजे ठरलं. एका दिवाळीत तिला आकाशकंदिलाऐवजी घुबड हवं होतं, म्हणून सगळी दिवाळी बाल्कनीत कागदी घुबड लटकत होतं.

गणितासाठी मायलेकी उल्हासनगरला, कॅम्प दोनच्या बाजारात जात. नणंद कापडी पिशव्या शिवून विकते. त्यासाठी लागणाऱ्या अस्तराचं माप जुईने घ्यायचं, घासाघीस जुईने करायची, आणि हिने मागे हाताची घडी घालून नुसतं उभं राहायचं. अस्तरवाला शेठ हात जोडायचा, "दीदी, इसको स्कूल मत भेजना, मेरी दुकान पे बिठा दो." हे वाक्य नणंद येईल त्या पाहुण्याला ऐकवायची.

पण आपणहून शोधायची सवय लागलेलं मूल काय शोधून काढेल, ते आपल्या हातात राहत नाही. नऊ वर्षांची जुई एका सकाळी जवळच्या शाळेत एकटीच गेली आणि मुख्याध्यापिकाबाईंना म्हणाली, "मला इथे बसायचंय. काय करावं लागेल?" बाई म्हणाल्या, "आधी आईला घेऊन ये."

नणंद रडकुंडीला येऊन माझ्याकडे. "वहिनी, तू समजाव ना तिला."

"मी कशाला? निर्णय तिचा ना?" मी म्हटलं. जरा मजा घेतच म्हटलं.

मग तिने जुईलाच समोर बसवून विचारलं, "शाळेत असं काय आहे, जे घरी नाही?"

"बाक," जुई म्हणाली. "बाकावर बाजूला कुणीतरी असतं. मला रोज तेच कुणीतरी पाहिजे. तू नको आई, माझ्याएवढं."

नाही म्हणणं नणंदेच्या हातात होतं, आई होती ती. पण नाही म्हटलं असतं तर इतकी वर्षं जे बोलत आली ते सगळं खोटं पडलं असतं. दुसऱ्या दिवशी ती लेकीबरोबर शाळेत गेली आणि सही करून आली. बाकी काहीही असो, या एका गोष्टीसाठी मी तिला मानते.

शाळेच्या पहिल्या संध्याकाळी मी मुद्दाम त्यांच्याकडे गेले. जुई बाकावरच्या मुलीबद्दल अखंड बोलत होती. तिचे पडलेले दात, तिची कंपासपेटी, तिच्या गावची म्हैस. मध्येच थांबली, हात वर केला आणि म्हणाली, "आई, पाणी पिऊ?"

त्या घरात पाण्यासाठी आजवर कुणी कुणाची परवानगी मागितली नव्हती. मी हसणारच होते, पण नणंदेचा चेहरा बघून ओठ मिटले. "पी गं," ती कशीबशी म्हणाली. जुई घटाघटा पाणी प्यायली आणि पुन्हा म्हशीकडे वळली. नणंदेबद्दल मला तेव्हा फार माया वाटली. वाद घालायला तिच्याकडे पहिल्यांदाच काही उरलं नव्हतं.

मी निघाले तशी ती चपला घालून खालपर्यंत सोडायला आली. फाटकाशी थांबून म्हणाली, "वहिनी, डब्यात काय देऊ गं उद्या? दोघींना पुरेल असं सांग."