अबू राशिद यांची बैठक

नव्या रेक्झिनचा तो उग्र, थंडगार वास अजून माझ्या स्मरणात आहे. दोह्यातल्या त्या वृद्धनिवासाच्या दालनात मी प्रथम पाऊल ठेवलं, तेव्हा करड्या खुर्च्यांची रांग भिंतीला पाठ लावून निमूट उभी होती. धुवायला सोपी, नियमांत चोख आणि संपूर्ण रिकामी! खुर्च्यांत उणं काहीच नव्हतं. फक्त त्यांवर जाऊन बसावं, असं कुणाला वाटत नव्हतं.

गृहसजावटकार म्हणून मला पडदे आणि गालिचे निवडायला बोलावलं होतं. पण तिथल्या परिचारिकेनं अबू राशिद यांच्याविषयी सांगितलं आणि माझं मन पडद्यांवरून उडालं. हयातभर आपल्या मजलिसमध्ये, म्हणजे घरच्या पाहुण्यांच्या दालनात, भुईवरच्या गाद्यांवर लोडाला टेकून, आल्यागेल्याला कॉफी पाजणारे हे गृहस्थ. इथेही ते भुईवर बसू लागले. एकदा उठताना पडले, भुईवर बसायला मनाई झाली, आणि त्या दिवसापासून त्यांनी खोलीचा उंबरा ओलांडला नव्हता.

आसन म्हणजे का केवळ देह टेकण्याची सोय? माणूस कुठे आणि कसा बसतो, त्यावरच तो घरचा यजमान की दवाखान्यातला रुग्ण, हे ठरत असतं! मी निश्चय केला: पडदे नंतर, आधी बैठक.

"खुर्च्या सुरक्षित आहेत. खलास, विषय संपला," माझा बेत ऐकून निवासाचे व्यवस्थापक म्हणाले.

"मला फक्त एक भिंत द्या," मी म्हटलं. "नाही जमलं, तर मीच सगळं उचलून नेईन."

दोह्याच्याच नजमा वस्तीत राहणारे, मूळ कणकवलीचे सुतार वसंतकाका यांना मी गाठलं. भुईवरची बैठक जशीच्या तशी गुडघ्याइतकी उंच करायची होती. पहिला नमुना ठेंगणा निघाला. दुसऱ्यावर काका स्वतः बसले आणि मान हलवत उठले. "ताई, मऊ गादयेत म्हातारो माणूस रुतता. घट्टच होयी." तिसऱ्या वेळी त्यांनी दोन्ही बाजूंच्या लोडांच्या पोटात लाकडी ठोकळे पक्के बसवले, उठताना हातांवर सारा भार पेलता यावा म्हणून. मी बाजार पालथा घालून काळ्या-तांबड्या पट्ट्यांचं, धुता येणारं कापड मिळवलं.

अबू राशिद परिचारिकेचा हात धरून आले. लोड साशंकपणे दाबून पाहिला. बसले. आम्ही सारे श्वास रोखून उभे! मग दोन्ही तळवे लोडांवर रोवून ते उठले, कुणाच्याही आधाराविना. पुन्हा बसले, पुन्हा उठले. तिसऱ्यांदा बसले ते मात्र ऐसपैस.

दारात व्यवस्थापक उभे होते. अबू राशिद यांनी शेजारची जागा तळहातानं थोपटली.

"तफद्दल," ते म्हणाले. या, बसा.

व्यवस्थापकांनी बूट काढले आणि ते दाखवलेल्या जागी बसले. आणि त्या घरात आल्यापासून प्रथमच, कुणाचीही परवानगी न विचारता, अबू राशिद यांनी पाहुण्यासाठी कॉफी मागवली.