मावशींच्या ओट्याचा ठराव

वकिलीची सनद नुकतीच हातात आली होती. नाशिकला गंगापूर रोडवरच्या एका ज्येष्ठ वकिलांकडे मी काम शिकत होते आणि संध्याकाळी एसटीने तालुक्याला, घरी परतत होते. मंडईसमोर अब्बांचं शिवणकामाचं दुकान. एकदा मी पोचले तर मंडईत फुलं विकणाऱ्या मावशी तिथे माझी वाट बघत बसलेल्या. नवरा गेल्यावर नगरपरिषदेने त्यांचा मंडईतला विक्रीचा ओटा काढून घेतला होता.

"नियम हाय म्हणत्यात," त्या म्हणाल्या. "धनी गेला की ओटा पोराच्या नावावर. मला तर पोरीच. मग मी काय रस्त्यावर बसू?"

मी दावा लावला. जीव तोडून बाजू मांडली आणि हरले. न्यायाधीश शांतपणे म्हणाले, "वकीलबाई, नियम स्पष्ट आहे. तो बदलायचा असेल तर जिथे झाला तिथे जा."

परतीच्या एसटीत ते वाक्य डोक्यातून जाईना. घरी पोचताच अब्बांना सांगितलं, "मी नगरपरिषदेला उभी राहणार."

त्यांनी मशीन थांबवलं. "आणि वकिली?"

"तीही करणार."

"मग जेवणाचा डबा मोठा घे," एवढंच म्हणून त्यांनी पुन्हा पाय चालवायला सुरुवात केली.

पहिल्या निवडणुकीत मी सपाटून आपटले. पोरगी चार दिवसांत थंड पडेल, असं गावात बोललं जात होतं. मी सकाळी नाशिकला कोर्टात आणि संध्याकाळी वॉर्डात, असा क्रम सोडला नाही. कुणाचा नळ तुटलेला, कुणाचं रेशन अडलेलं. पुढच्या निवडणुकीत निवडून आले.

सभागृहात मात्र ओट्याचा नियम बदलण्याचा माझा ठराव प्रत्येक वेळी मागे ढकलला जायचा. शेवटी एका सभेला मी मंडईतल्या बायकांना प्रेक्षकांत आणून बसवलं. एक जुने सदस्य हसून म्हणाले, "बाईमाणसाला ओटा झेपणार आहे का?"

"साहेब, नवरे असतानाही ओट्यावर पहाटेपासून ह्याच बसायच्या," मी म्हणाले. "विचारा त्यांना."

विचारायची गरजच पडली नाही. मावशी उठून उभ्या राहिल्या. "तुमच्या लेकीच्या लग्नातल्या मुंडावळ्या कोणी केल्या, सायेब?"

सभागृह हसलं, ते सदस्यही हसले आणि मतदानाला हात वर करणाऱ्यांत तेही होते. ठराव मंजूर झाला. ओटा बायकोच्या किंवा मुलीच्याही नावावर होऊ लागला.

मावशींची जुनी जागा तोवर दुसऱ्याला गेली होती. त्यांना पार मागचा, मासळीबाजाराला लागून असलेला ओटा मिळाला. मला वाईट वाटलं. त्या मात्र फडक्याने फरशी घासत म्हणाल्या, "गिऱ्हाईक येतंय हुडकत. लय चांगली फुलं हायेत माझी."

यंदा माझा वॉर्ड आरक्षणात गेला, तिथून मला उभं राहता येणार नाही. शेजारच्या वॉर्डातून उभी राहतेय, पण तिथे मला फारसं कुणी ओळखत नाही. कालपासून तिथे घरोघर फिरायला लागले आहे.