टोकावरची आत्या

टोकावरच्या आत्याचे कान इतके तिखट होते की ओढ्यापलीकडून आलेल्या एका आवाजावरून ती सांगायची, कुणाच्या पोराने वाटेत कैऱ्या खाल्ल्या आहेत. आणि त्या बाईचे कान गेले असं साऱ्या वाडीला पटवणारा मी. तेव्हा मी बारा वर्षांचा होतो. आज पन्नाशीला आलो, तरी आरशापुढे दाढी करताना मध्येच ते आठवतं आणि समोरच्या तोंडाची शिसारी येते.

आमची वाडी पोलादपूरच्या वर, डोंगराच्या खांद्यावर. वीस-बावीस घरं, थोडी भातखाचरं, बाकी नाचणी-वरी. कर्ते पुरुष बहुतेक मुंबईला गिरणीत. शाळा खाली पोलादपूरला, दीड तासाच्या वाटेवर. मध्ये ओढा, त्यावर दोन ओंडके आणि बांबूच्या कामट्या बांधून केलेला साकव. आम्ही सात वर्षांपासून बारा वर्षांपर्यंतची आठ-दहा पोरं ती वाट रोज एकटी उतरायचो आणि चढायचो. कुणाची आई बरोबर येत नसे. आयांना शेतातून डोकं वर काढायला फुरसत नव्हती.

वाडीच्या अगदी कडेला, जिथून डोंगर खाली सुटतो तिथे, आत्याचं घर. म्हणून ती टोकावरची आत्या. लहानपणी विधवा होऊन भावाकडे परत आलेली. पुढे भाऊही गेला, ती राहिली. सख्खी अशी कुणाचीच नाही, पण आम्हा पोरांची आणि आमच्या आयांचीही आत्याच. सकाळी ती घरापुढच्या दगडावर इरलं विणत बसायची. हात कामट्यांवर आणि कान खालच्या दरीत. ओढा ओलांडून पलीकडच्या उंच कातळावर चढलं की प्रत्येक पोराने आपापला कुकारा द्यायचा, हा नेम. कुकारा म्हणजे तोंडाभोवती हात धरून लांबवर सोडलेली हाक. वरून आत्याचा कुकारा उत्तराला यायचा, जाडसर, शेवटी किंचित खाली उतरणारा. मग ती मागे वळून शेताकडे ओरडायची, "उतरला गो तुझा!" आणि ज्या बाईचं पोर असेल ती पुन्हा खाली वाकून कामाला लागायची. बस. एवढ्यावर आमच्या आयांची काळजी मिटत असे.

हे काम तिला कुणी दिलं नव्हतं. पण त्यात तिचा अधिकार असा की तिच्या शब्दाविरुद्ध पोर घरी ठेवायची कुणाची छाती नव्हती. एकदा माझी आई म्हणाली, "आत्या, पाऊस लय हाय. आज नको धाडायला त्याला."

"पाऊस हाय म्हणून तू भात लावायची थांबलीस काय?" आत्या म्हणाली. "मग त्याला कशाला थांबवतेस? जाऊ दे. मी ऐकते ना."

आईने तरी डोळ्यांना पदर लावला. आत्या चिडली. "रडतेस काय गो अशी? शाळंत चाललाय, सासरी नाय!" सगळ्या बाया हसल्या. मी इरलं डोक्यावर घेऊन उतरलो.

कुकाऱ्यावरून तिला काय काय कळायचं! "सदूचा घसा बसलाय, आल्यावर मिठाच्या पाण्यानं गुळण्या करायला लाव," असा निरोप सदू घरी पोचण्याआधी त्याच्या आईकडे गेलेला असे. एका संध्याकाळी मी वर आलो तर आत्या माझ्या आईला आमच्याच अंगणात फैलावर घेत होती. "आज तुझा पोरगा रडत उतरला. सकाळी मारलंस काय त्याला?" आईने मारलं होतं. मी ओढ्यापर्यंत रडून डोळे पुसले होते, कातळावर चढून साफ आवाजात कुकारा दिला होता, असं मला वाटत होतं.

आम्हाला मात्र ती कधी काही विचारत नसे. वाटेत खेळलो, खेकडे धरले, शाळा सुटल्यावर तासभर उशिरा आलो, तिचं काही म्हणणं नसे. साकवावरून कसं जायचं हे तिने प्रत्येकाला एकदाच शिकवलं, स्वतः ओढ्यापर्यंत येऊन. माझ्या वेळी ती अलीकडे उभी राहिली आणि म्हणाली, "पाण्याकडं बघू नको. पलीकडच्या कातळाकडं बघ आणि चाल. पडलास तर मी हाय. पण पडू नको, मला लुगडं भिजवायचं नाय." मी पलीकडे पोचलो. मागे वळून पाहिलं तर ती पाठ फिरवून डोंगर चढायला लागलीसुद्धा. तेव्हा मी सात वर्षांचा होतो. ती पाठ पाहून मला जेवढं मोठं झाल्यासारखं वाटलं, तेवढं पुढे कधी वाटलं नाही.

सहावीत असताना माझ्या वर्गात एक मुलगा आला. कचेरीतल्या कारकुनाचा, पुण्याहून बदलून आलेला. पायात गमबूट, दप्तराला बक्कल, बोलणं स्वच्छ. त्याच्याशी मैत्री व्हावी म्हणून मी काय केलं नाही! 'नाय' म्हणायचं सोडलं. इरलं ओढ्याजवळच्या करवंदीच्या जाळीत लपवून भिजत शाळेत जाऊ लागलो. त्याला पूर बघायचा होता. मी ऐटीत म्हटलं, आमच्या ओढ्यावर ये, दाखवतो.

श्रावणातला दिवस होता. सकाळपासून पाऊस कोसळत होता आणि बाकीची पोरं तापाच्या साथीने आपापल्या घरी निजून होती. आत्याने मला विचारलं, "एकटाच चाललास?" मी हो म्हटलं. "मग कुकारा मोठा दे बाला, पाण्याचा आवाज लय हाय." मी उतरलो. साकव थरथरत होता, पण पाण्याकडे न बघता पार झालो. कातळावर तो कारकुनाचा मुलगा छत्री घेऊन उभा होता. मी चढून त्याच्या शेजारी गेलो आणि गप्प राहिलो. तोंडाभोवती हात धरून कोल्ह्यासारखं ओरडायचं, ते याच्यासमोर?

वरून आत्याचा कुकारा आला. ती कधीच आधी देत नसे. मग दुसरा आला. तिसरा आला, तो फाटलेला.

"कोण रे ओरडतंय ते?" त्याने विचारलं. "तुला बोलावतायत का?"

"छे! कुणी गुराखी असेल," मी म्हणालो.

आणि त्याला घेऊन मी शाळेच्या वाटेला लागलो. पुढच्या वळणापर्यंत ते कुकारे येत होते. मी मोठमोठ्याने बोलत राहिलो, त्याला ऐकू जाऊ नयेत म्हणून.

संध्याकाळी वर आलो तर आत्याच्या घरासमोर माणसं जमली होती. माझा कुकारा येईना तेव्हा ती मला शोधायला उतरली होती. साकवाच्या अलीकडच्या निसरड्या उतारावर पडली. दुपारी गुराख्यांना दिसली, तोवर पावसात पडून होती. कमरेचं हाड मोडलं होतं. घोंगडीत घालून वर आणून तिला ओटीवर निजवलं होतं.

आईने मला बघताच मिठी मारली आणि लगेच एक थोबाडीत दिली. त्या महिन्यात वडील मुंबईहून रजेवर आले होते. त्यांनी माझा दंड धरला. "कुकारा दिलास का नाय?"

सगळे माझ्याकडे बघत होते. मी म्हणालो, "दिला होता. दोनदा दिला. आत्याला ऐकू आला नसेल."

आत्याने मान वळवून माझ्याकडे पाहिलं. तिच्या ओठांना थंडीने कंप सुटला होता. ती मला खोटारडा म्हणणार, वडील मला झोडपणार, याची मी वाट बघत होतो. वडिलांची पकड माझ्या दंडावर घट्ट होत चालली होती. तिनेही ती पाहिली असावी.

"असंल बाबा," ती म्हणाली. "वय झालं. कान गेलं असतील माझं."

वडिलांनी दंड सोडला. मला हायसं वाटलं, हे मी इथे लिहून ठेवतो. वाईट नंतर वाटलं, दोन दिवसांनी. त्या क्षणी फक्त हायसं वाटलं, आणि भूक लागल्याचं जाणवलं.

खोटं तिथेच संपलं असतं तर कदाचित पुढे मी विसरलोही असतो. पण वाडीने ठरवलं की आत्याच्या कानांवर आता पोरं सोडता येणार नाहीत. मोठ्या माणसाशिवाय कुणी ओढा ओलांडायचा नाही. आणि मोठी माणसं होती कुठे? एक म्हातारे काका आठवड्यातून चार दिवस आम्हा पोरग्यांना साकव पार करून द्यायचे. एकेकाला हात धरून न्यायचं, त्यातून मुलींसाठी कोण वेळ काढणार? तीन मुली शाळेत जात होत्या, तिघी घरी बसल्या. त्यातली एक माझी धाकटी बहीण शेवंता. दुसरीत होती. पाढे माझ्यापेक्षा भरभर म्हणायची. ती आठ दिवस दप्तर उशाशी घेऊन निजली. मग त्या दप्तरात आईने बियाणाचे वाल भरून ठेवले.

वर्षभराने आत्या काठी टेकून अंगणापर्यंत येऊ लागली, दगडावर बसू लागली. इरलं विणायची. पण खालून आता कुकारा येत नव्हता आणि शेतातून तिच्याकडे कुणी बघत नव्हतं. बाया तिच्याशी मोठ्याने, तोंडाजवळ जाऊन बोलायच्या. तीही "आँ?" करायची. माझ्यासाठी तिने ते "आँ?" शेवटपर्यंत चालवलं.

मी आता महाडला शिक्षक आहे. शाळा सुटताना फाटकाबाहेर आई-बापांची ही गर्दी असते. स्कूटरी, पाण्याच्या बाटल्या, घामेजलेली तोंडं. दोन गल्ल्या पलीकडे राहणाऱ्या सातवीतल्या मुलाचं दप्तर बाप स्वतःच्या खांद्यावर घेतो. त्या मुलांना धड रस्ता ओलांडता येत नाही. हा लाड नाही, हा घाणेरडा अविश्वास आहे, असं मला ओरडून सांगावंसं वाटतं. पण मी कुठल्या तोंडाने सांगू? माझा मुलगा बारा वर्षांचा. त्याला मी ऐटीत सांगितलं की आता तू एकटा क्लासला जायचं. आणि रोज त्याच्या मागून पन्नास पावलांवर, दुकानांच्या पायऱ्यांआड लपत चालत राहिलो. पाचव्या दिवशी तो थांबला आणि मागे न बघताच म्हणाला, "बाबा, पानाच्या गादीमागे तुम्ही दिसताय." लोक हसले. मीही हसलो. पण घरी येईपर्यंत मनातून किळस गेली नाही. एक एकटी बाई डोंगराच्या कडेला बसून दहा पोरांना मोकळं सोडत होती. आणि मला एक पोर सोडता येत नाही, कारण मी त्या वयात काय केलं ते मला ठाऊक आहे.

वाडी सोडून आठवीसाठी मी महाडला मामाकडे निघालो, त्या दिवशी आत्याच्या पाया पडायला गेलो. ती दगडावर होती. आई जवळच उभी होती, शेवंताही. सांगायचं ठरवून गेलो होतो. आत्याने डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाली, "तिकडं मोठ्या गावात कुणी ऐकाय नसंल बाला. संभाळून ऱ्हा." मी "हो" म्हणालो आणि निघालो.

वडील ट्रंक डोक्यावर घेऊन पुढे होते. साकव ओलांडून आम्ही कातळावर चढलो आणि वरून कुकारा आला. जाडसर, शेवटी किंचित खाली उतरणारा. दोन वर्षांत पहिल्यांदा.

वडील थांबले. "दे की रे. म्हातारी वाट बघत असंल."

मी म्हणालो, "तिला कुठं ऐकू येतं?"

आणि वडिलांच्या पुढे होऊन चालू लागलो. दिवाळीच्या आधी मामाकडे पत्र आलं, त्यात बियाणं, गुरं, पाऊस यांच्या खाली एका ओळीत आत्या गेल्याचं होतं.

गेल्या शिमग्याला वाडीवर गेलो होतो. शेवंता सासरी न नांदता परत आली आहे, आमची शेतं तीच बघते. तांदूळ निवडता निवडता ती आत्याबद्दल बोलू लागली. म्हणाली, "शेवटी शेवटी म्हातारीला भास व्हायचे रे. तू महाडला गेलास ना, त्या दिवशी तिनं कुकारा दिला आणि कान लावून बसली. मी शेजारीच होते. खालून काय आवाज नाय, काय नाय. मी म्हटलं, आत्या, दादानं दिलाच नाय. तर मला म्हणते, 'दिला गो. हलकाच दिला. तुला नाय ऐकू आला?' आणि मग आईकडं वळून ओरडली, 'उतरला गो तुझा!'"

शेवंता हसली. मी सुपातले खडे वेचत राहिलो. तिला मी तेव्हाही खरं सांगितलं नाही. आता लिहिलं आहे, पण दुसरीपर्यंतची अक्षरं ती केव्हाच विसरली, तिला वाचता येत नाही. कुणीतरी तिला हे वाचून दाखवायला हवं. रविवारी मी वाडीवर जाणार आहे.