खालच्या अंगाचं पाणी

बाईंनी आधी हाताला प्लॅस्टिकची पिशवी चढवली. मग माझी मेथीची जुडी उचलली. कुत्र्याची घाण उचलतात तशी. चार गिऱ्हाइकांसमोर ती टेबलाखाली टाकली आणि म्हणाल्या, "नदीच्या पाण्यावरची भाजी सेंद्रिय कशी हो? गटार आहे ते. आपण हे लोकांना खायला घालणार?"

सदाशिव पेठेत एका मंगल कार्यालयाच्या अंगणात दर रविवारी सेंद्रिय भाजीचा बाजार भरतो. तो या बाई चालवतात. मी लोणी काळभोरहून पहाटेच्या टेम्पोने भाजी घेऊन यायचे. त्या दिवशी एकाने विचारलं, "पाणी कुठलं?" मी खरं ते सांगितलं. मुळा-मुठेचं.

शेजारच्या टेबलावर आमच्या गावचे अण्णा होते. त्यांचं रान माझ्या बांधाला लागून. त्यांचीही मोटार नदीवरच. वाकून पुटपुटले, "इहिरीचं म्हन की. कोन बघायला येतंय?" ते तसंच सांगायचे. त्यांचा पालक दुपारच्या आत संपला.

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. कारण बाई खोटं बोलत नव्हत्या. कित्येक हंगाम झाले, मी रानात रासायनिक खताचा दाणा टाकला नव्हता. शेण, गोमूत्र, पालापाचोळा. ढेकळाखाली गांडुळं परत दिसायला लागली होती. खत माझ्या हातात होतं. पाणी नव्हतं. मोटार सुरू केली की फेस येतो. वास येतो. पायाला खाज सुटते. तीच भाजी माझ्या घरात शिजते.

पुढच्या आठवड्यात बाईंचा फोन. आवाज गोड.

"अहो, असं करूया. आपण यायचंच. नऊवारी नेसून टेबलामागे बसा. भाजी आम्ही दुसरीकडून मागवू. शेतकरी बाई समोर दिसली की लोकांना बरं वाटतं."

म्हणजे त्यांना माझं तोंड चालत होतं. भाजी चालत नव्हती.

फोन कानाला लावून मी बांधावर उभी होते. मला आजी आठवली. गावच्या पाणवठ्यावर आमच्या लोकांना खालच्या अंगाला पाणी भरावं लागायचं. वर गाव भरणार, धुणार, आणि त्यांनी वापरून सोडलेलं आमच्या घागरीत येणार. वर घागर बुडवली तर मार. आजी हे हसत सांगायची. मला कधी हसू आलं नाही.

आज खडकवासला धरणाचं स्वच्छ पाणी शहर पितं आणि वापरून आमच्याकडे सोडतं. आता अण्णांचं रानही खालच्या अंगालाच. ज्यांनी आजीला खाली उभं केलं, त्यांची नातवंडंही तिथेच येऊन उभी राहिलीत. अण्णांना ते कळत नाही. ते अजून विहीर विहीर करतात.

मी बाईंना म्हणाले, "नाय येनार. माझी भाजी नको, तर माझं तोंड बी नको."

"अहो, यात राग येण्यासारखं काय आहे?" मी फोन ठेवून दिला.

पालेभाजी विकणं बंद केलं. रानात आता झेंडू आहे. तो कुणी खात नाही. त्यात भागतही नाही, म्हणून दुसऱ्याच्या रानात खुरपायला जाते. मेथीचा एक वाफा तेवढा ठेवलाय, रविवारसाठी. दर रविवारी त्याच कार्यालयाबाहेर फुटपाथवर जुड्या मांडून बसते. पुठ्ठ्यावर माझ्या हातची पाटी: 'मुळा-मुठेच्या पाण्यावरची भाजी. विकायची नाही.' पुण्यात पाटी कुणी वाचल्याशिवाय जात नाही. वाचतात, नाक मुरडतात, जातात. अण्णा रस्ता ओलांडून पलीकडून जातात. नवऱ्याने बोलणं टाकलंय.

गेल्या रविवारी बाई बाहेर आल्या. "विकायची नाही, तर इथे बसण्याचं प्रयोजन काय?"

"पानी तुमचंच हाय, बाई. वळखू येतंय का बघा."

त्या आत गेल्या. मी बसून राहिले. आजीला वर यायची बंदी होती. मी वर आले आहे, आणि खाली सोडलेलं सोबत घेऊन आले आहे. नदी साफ होईपर्यंत आणत राहणार. इथून उठवलं, तर समोरच्या फुटपाथवर बसेन.